भांडगावला उतरलोय

दौंड स्टेशनाबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत सम्राटचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, दोन स्टुलं आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या डब्यांची रास. मागच्या पावसाळ्यात त्याची आई गेली, तेव्हापासून तो घरी नुसता झोपायला जायचा. जेवण खानावळीत. आईचा मोबाईल नंबर त्याने अजून पुसला नव्हता. गिऱ्हाईक नसलं की कधीमधी तो नंबर लावायचा, फोन बंद असल्याचं सांगणाऱ्या त्या बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. हे कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन हजार सात सालच्या जानेवारीत एका सकाळी त्याला खुटबावहून फोन आला.

"जय भीम. नकुशी सिस्टर बोलतीय. दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर हाय. घरात दोन कॉम्प्युटर हायत, एक वर, एक खाली. वायरीनं जोडल्यालेत. पन कनेक्शन मधीच तुटतंय बघ. जुळतंय, तुटतंय. येशील का बाळा?"

एवढ्याशा कामाला एवढ्या लांब जाणं परवडणारं नव्हतं. पण 'बाळा' म्हणून त्याला हल्ली कुणी हाक मारत नव्हतं. जेवण उरकून त्याने मोटरसायकल काढली. पाटस, वरवंड, चौफुला करत तो भांडगावपर्यंत आला आणि हायवे सोडून उजवीकडे आत वळला. रेल्वेचं फाटक ओलांडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. कुठंतरी गुऱ्हाळ चाललं होतं, हवेत उकळत्या रसाचा गोड, जड वास होता.

घर गावापासून सुटं होतं. नवं, दोन मजली, पिस्ता रंगाचं. तिन्ही बाजूंनी ऊस आणि समोर कच्चा रस्ता. नकुशीबाई ओट्यावर उभ्याच होत्या. साठीच्या पुढच्या, सडपातळ, अजून ताठ. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. दिवाणखान्यात बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका तरुणाचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार घातलेला.

"ह्यो माझा सुमित," त्या म्हणाल्या. "पुण्याला कंपनीत होता. घर त्यानंच बांधलं. हे कॉम्प्युटरबी त्यानंच जोडलं. वर काम करत बसायचा आन् खाली मला निरोप धाडायचा, आई, चहा टाक. मला टायपिंग शिकीवलं त्यानं. दर शनवारी यायचा. भांडगावला एस्टीतनं उतरायचा आन् मिळंल त्या गाडीनं घरी." त्या थांबल्या. "परवाची न्हवं, त्येच्या आदल्या दिवाळीत उतरला आन् रस्ता वलांडताना ट्रकनं…"

सम्राटने कप खाली ठेवला आणि हत्यारांची पिशवी उघडली.

बिघाड साधाच असणार, असं त्याला वाटलं. खालचा कॉम्प्युटर दिवाणखान्यात, वरचा सुमितच्या खोलीत. दोन्हीकडच्या वायरी जिन्याखालच्या एका चपट्या डबीत येऊन जुळत होत्या. त्या डबीला पाच खाचा होत्या आणि ज्या खाचेत वायर असेल तिच्यावर हिरवा दिवा लागायचा. सम्राटने दोन्ही वायरींची टोकं कापून नवी बसवली. उंदराने कुठे कुरतडलंय का ते बघायला जिन्याच्या कडेने सगळी वायर बोटांनी चाचपली. लोडशेडिंगने वीज जायची, म्हणून इन्व्हर्टरही तपासला. सगळं ठीक होतं. वरचं यंत्र खालच्याला दिसू लागलं.

"झालं मावशी," तो म्हणाला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "उन्हं कलली की तुटतं."

तो थांबला. उन्हं उसाच्या तुऱ्यांवर आली, दिवाणखान्यात सावली पसरली, आणि खरोखरच कनेक्शन तुटलं. पडद्यावर एक सूचना आली. ती वाचून सम्राटला हायसं वाटलं, कारण बिघाड सापडला होता.

"मावशी, एकाच पत्त्यावर दोन घरं असली की पोस्टमनचा घोळ होतो ना, तसं झालंय. हितं प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतोय. वरच्याचा जो नंबर हाय, तोच आणखी एका यंत्राचा हाय. ते चालू झालं की दोघांची ओढाताण होती आन् दोन्ही तुटतात. घरात तिसरा कॉम्प्युटर कुठं हाय?"

"घरात न्हाई," नकुशीबाई म्हणाल्या.

"असायलाच पाहिजे."

सम्राट जिन्याखाली वाकला. डबीवर दोनऐवजी तीन हिरवे दिवे होते. तिसरा दिवा रिकाम्या खाचेवर होता. तिच्यात वायर नव्हती, काहीच नव्हतं, आणि तरी दिवा लुकलुकत होता; पलीकडून कुणी काही धाडत असलं की लुकलुकतो तसा.

डबी बिघडली असेल, त्याने मनाला सांगितलं. त्याने दोन्ही वायरी उपसून काढल्या. त्यांचे दिवे विझले. तिसरा तसाच राहिला. त्याने त्या खाचेवर बोट धरलं. आतून गार हवा लागत होती. बारीक, पण सारखी. आणि त्या हवेला वास होता. गुऱ्हाळाचा नव्हे. डिझेलचा, तापलेल्या डांबराचा. हायवेच्या कडेला उभं राहिलं की येतो तो.

त्याने बोट काढून घेतलं.

"वायरी परत लाव," मागून नकुशीबाई हळूच म्हणाल्या. "लौकर लाव. न्हाईतर जाईल तो."

त्याने वायरी लावल्या आणि उठून त्यांच्याजवळ गेला. खालच्या पडद्यावर निरोपांची चौकट उघडली होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, सगळी पोरं लिहितात तसं. धाडणाऱ्या यंत्राच्या नावाच्या जागी 'सुमित लॅपटॉप' होतं.

*आई, भांडगावला उतरलोय. येतोय.*

नकुशीबाईंची बोटं आधीच चालू झाली होती. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, ये बाळा. पण ते जायच्या आत चौकट मिटली. डबीवरचा तिसरा दिवा विझला होता. बाहेर उसातून वारा सळसळत गेला.

"तो लॅपटॉप कुठं हाय मावशी?"

"चुरा झाला. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता तो." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "दिवाळीच्या आधीपास्नं चाललंय हे. वर्ष भरत आलं तवा पैल्यांदा आलं. रोज येतं. एवढंच म्हनतो. उतरलोय, येतोय. आन् मी लिवायच्या आत तुटतं. रोज. मला वाटलं मी म्हातारी, माझी बोटं चालत न्हाईत. पन तसं न्हाई ना? बिघाडच हाय ना?"

"म्हंजी तुम्ही मला ह्याच्यासाठी…"

"वर-खालचं कनेक्शन कुणाला पायजे रे? वर कोन बसतंय आता?"

सम्राटला भीती वाटत होतीच. हत्यारं भरावीत आणि निघावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघितल्यावर त्याला दौंडची खोली आठवली, टेबलावरचा मोबाईल आणि तो नंबर. एखाद्या दिवशी त्या नंबरावर पलीकडून कुणी उचलला असता, आणि दोन शब्दांत तुटला असता, तर आपण काय केलं असतं?

दुरुस्ती फार सोपी होती. वरच्या कॉम्प्युटरचा नंबर बदलायचा, की ओढाताण संपली. तो जिना चढून सुमितच्या खोलीत गेला. पलंगावर धुतलेली चादर होती, खुंटीला शर्ट, आणि खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकवलेली. त्याने नंबर बदलला. उठताना त्याला वाटलं, खोलीत डांबराचा तोच वास येतोय. खिडक्या बंद होत्या.

तो खाली आला तेव्हा नकुशीबाई खुर्चीत पुढे झुकून बसल्या होत्या. डबीवर तिसरा दिवा पुन्हा लागला होता.

*आई, भांडगावला उतरलोय. येतोय.*

या वेळी चौकट मिटली नाही. त्यांनी लिहिलं, ये बाळा. वाट बघतीय. ते गेलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा गेलं. नकुशीबाईंनी पदर तोंडाला लावला.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ओळ उमटली.

*दार उघडं ठेवा.*

"ठेवते," नकुशीबाई पडद्याशीच पुटपुटल्या. "ठेवते की."

सम्राटने ती ओळ पुन्हा वाचली. "मावशी, सुमित तुम्हाला अहो-जाहो करायचा?"

"छ्या. आईला कुनी अहो म्हनतं व्हय?"

"मग हे ठेवा…"

"घाईत चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. त्यांना आता दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्या उठून दाराकडे गेल्या, दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या आणि एका बाजूला दगड लावला. सम्राट निघतो म्हणाला तेव्हा त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. कामाचं काय द्यायचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यालाही सांगायचं सुचलं नाही.

दिवस मावळत होता. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. सम्राटने गाडी बंद केली. मालगाडी आली आणि संपता संपेना. डब्यांच्या फटीतून पलीकडची बाजू तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. तिथे एक माणूस उभा होता, खांद्याला पिशवी लावलेला. गाडी गेली, फाटक वर झालं. तो माणूस चालत अलीकडे आला आणि सम्राटच्या गाडीजवळ थांबला. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात चेहरा नीट कळत नव्हता. आवाज मात्र मऊ होता, अदबीचा.

"नकुशी सिस्टरांचं घर कुठलं हो?"

नर्सबाईचं घर विचारत लोक येणारच. सम्राटने सवयीने हात केला. "सरळ जा. गावाच्या अलीकडं, पिस्ता रंगाचं. दार उघडंच हाय."

"हो," तो म्हणाला. "उघडं आहे, ते माहीत आहे."

तो गेला. सम्राटने गाडीला किक मारली, फाटक ओलांडलं, हायवेला लागला. वरवंडच्या पुढे येईपर्यंत त्याला काही वाटलं नाही. मग एकदम ते लक्षात आलं. ते आपल्याला आधी का सुचलं नाही, हे त्याला कळेना. तो सुमित असता, तर त्याने आपल्याच घराचा रस्ता विचारला नसता.

त्याने गाडी कडेला घेतली आणि नकुशीबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला. आवाज आनंदाने भरून आला होता.

"आला," त्या म्हणाल्या. "आला रे बाळा. वर गेलाय, दमलाय. तोंडबी नीट दावलं न्हाई. जिना चढून सरळ गेला. मी भाकरी टाकतीय."

"मावशी, जरा ऐका. त्यानं तुम्हाला हाक मारली का? आई म्हणाला का?"

"दमलाय रे… बोलंल. थांब, खालच्या कॉम्प्युटरवर काय तरी आलं. बघ, वर बसून निरोप धाडतोय. पैल्यासारखाच. चहा टाक म्हनंल."

फोनमध्ये त्यांची पावलं ऐकू आली. मग त्या वाचू लागल्या, शाळेतलं पोर वाचतं तसं, एकेक शब्द.

"आई… मी अजून… भांडगावलाच हाय. गाडी… मिळंना. तू…" त्या थांबल्या. पुढचं त्यांनी इतक्या हळू वाचलं की सम्राटने फोन कानात दाबून धरला. "तू दार लावून घे."

सम्राटने फोन कानाशी धरूनच गाडी उलटी वळवली.

"सम्राट," नकुशीबाई कुजबुजल्या. "मग वर कोन…"

"मावशी, काही आवाज करू नका. आहे तशा बाहेर पडा. चुलीवरचं राहू द्या. गावात जा, लोकांत जा. मी येतोय."

कसा आला, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. नकुशीबाई गावातल्या विहाराच्या पायरीवर बसलेल्या होत्या, अनवाणी, हाताला पीठ तसंच. भोवती चार बाया होत्या. शेजारच्या शेताचे बाळासो नावाचे गृहस्थ बॅटरी आणि काठी घेऊन तयार झाले. चोर शिरलाय, एवढंच त्यांना सांगितलं होतं. सम्राट त्यांच्याबरोबर घरात शिरला. तव्यावर भाकरी जळून काळी झाली होती. बाळासोंनी मागचं दार, मोरी, न्हाणीघर पाहिलं. सम्राट वर गेला.

खोलीत कुणी नव्हतं. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. वरचा कॉम्प्युटर मात्र चालू होता, आणि पडद्याचा निळसर उजेड रिकाम्या खुर्चीवर पडला होता. सुमितचा निरोप तिथेही आलेला होता, *आई, मी अजून भांडगावलाच आहे. गाडी मिळेना. तू दार लावून घे.* त्याच्याखाली उत्तर होतं. ते खालून गेलेलं नव्हतं. या खोलीतून, या यंत्रावरून गेलं होतं.

*आई झोपली आहे. तुम्ही येऊ नका.*

त्याच्याखाली काही नव्हतं. सम्राट वाट बघत उभा राहिला. सुमितने काहीतरी म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण कुणी काही म्हटलं नाही. तो जिन्याखाली आला तेव्हा रिकाम्या खाचेवरचा दिवा विझलेला होता. तो पुन्हा कधी लागला नाही.

नकुशीबाई त्या घरात परत राहायला गेल्या नाहीत. त्यांनी कुलूप घातलं, वीज तोडून घेतली आणि भांडगावला, एस्टी थांब्यामागे एक खोली घेतली. लोकांना नवल वाटलं. एवढं मोठं घर सोडून म्हातारी हायवेच्या धुळीत काय राहते? त्या कुणाला काही सांगत नसत. दुपार टळली की थांब्याच्या बाकड्यावर येऊन बसत, आणि पुण्याकडून आलेल्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्यांची तोंडं बघत.

सम्राटचं त्या रस्त्याला काम निघालं की तो थांबायचा. दोघं बाकड्यावर बसून टपरीवरचा चहा घ्यायचे. ट्रक जायचे, बाकडं हादरायचं. बोलणं फारसं होत नसे. एकदा त्याने विचारलं, "मावशी, काही कळतं का हो तुम्हाला? तो हितं हाय असं?"

"कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन त्याला तरी कळत आसंल, आई हितं हाय म्हनून."

चैत्रातल्या एका संध्याकाळी दोघं असेच बसले होते. पुण्याची गाडी आली आणि तिच्यातून बाळासो उतरले. नकुशीबाईंना बघून ते थांबले, रामराम झाला, ख्यालीखुशाली झाली. निघता निघता ते म्हणाले, "सिस्टर, भाडेकरू मात्र ग्वाड गावला बरं का तुमाला. लई शांत मानूस. कवा बी बघा, ओट्यावर बसल्याला असतो. माझ्या पोरांना गूळ देतो."

नकुशीबाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

"मी कुनाला घर दिल्यालं न्हाई, बाळासो."

"आसं कसं? मी सोता बोललो की त्येच्याशी काल. म्हनलं, रोज ओट्यावर कुनाची वाट बघतायसा? तर म्हनला, आईची वाट बघतोय. तवा मीच सांगितलं त्येला, सिस्टर भांडगावला असत्यात म्हनून, थांब्याच्या मागं." बाळासोंनी पिशवी खांद्यावर घेतली. "तर म्हनला, माहीत आहे. रोज बघून येतो."